गाडीतला ॲम्प: आधी काळी वायर बघा

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेल्या पुनरुक्ती काढल्या आहेत, बाकी बोली तशीच ठेवली आहे.)

गेल्या काही आठवड्यांत मुळशीकडच्या श्रोत्यांचे बरेच निरोप आलेत. पिरंगुटहून एकजण म्हणतो, रेस वाढवली की स्पीकरमधून शिट्टी ऐकू येते. पौडच्या एका दादांचा ॲम्प मोठ्या आवाजात दोन गाणी झाली की बंद पडतो आणि पाच मिनिटांनी आपोआप चालू होतो. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका ताईंच्या गाडीत बेसचा ठोका पडला की हेडलाइट लुकलुकतात. आणि ताम्हिणीच्या बाजूला घर असलेल्या एकांची तक्रार वेगळीच आहे. उन्हाळ्यात झकास वाजणारी सिस्टीम गणपती येईपर्यंत कुरकुरायला लागते. दर वर्षी.

चार माणसं, चार तक्रारी. चौघांनीही एक गोष्ट समान केली होती: आधी महागाचं सामान बदललं. कुणी डेक बदलला, कुणी बॅटरी, एकाने तर अख्खा ॲम्प. मी चौघांना एकच सांगितलं, आधी काळी वायर बघा. ॲम्पपासून निघून गाडीच्या पत्र्याला जिथे बांधली आहे ती जागा उघडा. आजचा भाग त्याच काळ्या वायरबद्दल आहे. लाल वायरबद्दल पण बोलू, कारण आग लागते ती तिच्यामुळे. पण सुरुवात काळीपासून.

अर्थिंग म्हणजे नक्की काय

आपल्याकडे सगळे तिला ‘अर्थिंग’ किंवा ‘बॉडी अर्थ’ म्हणतात, आणि घोळ या शब्दापासूनच सुरू होतो. घराचं अर्थिंग आपल्याला माहीत असतं. अंगणात खड्डा खणायचा, त्यात पाइप किंवा प्लेट पुरायची, मीठ-कोळसा टाकायचा, उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओतायचं. ते सुरक्षेसाठी असतं. सगळं ठीक चाललं असेल तर घराच्या अर्थिंगच्या वायरमधून जवळजवळ काहीच करंट जात नाही. काही बिघडलं, तरच जातो.

गाडीत तसं अजिबात नाही. गाडी चार रबरी टायरांवर उभी आहे, तिचा जमिनीशी विजेचा संबंध नाही. गाडीतलं ‘अर्थ’ म्हणजे परतीचा रस्ता. बॅटरीची निगेटिव्ह बाजू एका जाड केबलने बॉडीला जोडलेली असते. म्हणजे गाडीचा अख्खा पत्रा ही बॅटरीची एक लांबच लांब निगेटिव्ह वायर आहे. ॲम्पची काळी वायर डिकीतल्या पत्र्याला जोडली की करंट पत्र्यातून पुढे जातो आणि बॅटरीत परत येतो.

आपल्या भागातलंच उदाहरण घ्या. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीतून बोगद्याने पलीकडे कोकणात भिऱ्याच्या वीजघराला जातं. तिथे टर्बाइन फिरवून ते कुंडलिका नदीला मिळतं आणि समुद्राकडे जातं. समुद्राकडे गेलेलं पाणी परत मुळशीत येत नाही. (ज्या धरणासाठी १९२१ मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, तेच हे धरण. तो वेगळा विषय, पण नाव निघालं म्हणून.) विजेला मात्र ही सोय नाही. बॅटरीतून जेवढा करंट लाल वायरने निघाला, तेवढाच्या तेवढा काळ्या वायरने परत यायला लागतो. थोडा कमी नाही, ‘उरलेला’ नाही. तेवढाच.

हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी भांडणं मिटतात. कारण बहुतेक ठिकाणी काय दिसतं? बोनेटपासून डिकीपर्यंत बोटाएवढी जाड लाल वायर, मस्त जाळीची स्लीव्ह चढवलेली, आणि अर्थला हातभर बारीक वायर, तीही सीटच्या नाहीतर ट्रिमच्या एखाद्या स्क्रूखाली पिळून दाबलेली. जाताना चार पदरी रस्ता आणि येताना पायवाट. काळी वायर लालइतकीच जाड पाहिजे. जास्त चालेल, कमी चालणार नाही.

थोडं गणित, घाबरू नका

डब्यावर १५०० वॉट लिहिलेलं असतं, त्याकडे दुर्लक्ष करा. ॲम्पच्या बाजूला त्याचे स्वतःचे फ्यूज असतात, ते बघा. २५ अँपिअरचे दोन असतील तर तो ॲम्प सतत ५० अँपिअरपेक्षा जास्त घेऊच शकत नाही. गाडी चालू असताना व्होल्टेज साधारण १३.८ धरा. ५० गुणिले १३.८ म्हणजे ६९० वॉट आत जातात. क्लास डी ॲम्प असेल तर त्यातले साधारण ८० टक्के स्पीकरला मिळतात, म्हणजे ५५० च्या आसपास. जुन्या पद्धतीचा क्लास एबी असेल तर निम्म्याच्या थोडे वर, बाकीची उष्णता. १५०० वॉटचा हिशोब इथेच संपला.

आता उलट बाजूने येऊ. खरोखरचा ५०० वॉट आरएमएसचा क्लास डी ॲम्प पूर्ण ताकदीने वाजला तर त्याला साधारण ४५ अँपिअर लागतात. गाण्यात हे सतत होत नाही, पण ढोलाच्या ठोक्याला होतं.

बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर वायर लागते असं धरू. १६ स्क्वेअर एमएमची शुद्ध तांब्याची वायर घेतली तर ४५ अँपिअरला तिच्यात पाव व्होल्ट पडतो. चालेल. तीच ६ स्क्वेअर एमएमची घेतली तर साडेसहा दशांश व्होल्टच्या आसपास. हे वायरचं झालं. पण खरी गंमत जोडात आहे.

समजा अर्थच्या बोल्टखाली थोडा रंग राहिलाय, थोडा गंज आहे, आणि त्या जोडाचा रेझिस्टन्स ०.०५ ओहम आहे. एका ओहमचा विसावा भाग. ऐकायला काहीच वाटत नाही ना? ४५ अँपिअर गुणिले ०.०५ म्हणजे सव्वादोन व्होल्ट तिथेच गेले. ॲम्पला १३.८ ऐवजी साडेअकरा मिळाले. आणि उष्णता किती? ४५ चा वर्ग गुणिले ०.०५, म्हणजे १०० वॉट. जुना शंभरचा पिवळा बल्ब आठवा, त्याला हात लावता यायचा नाही. तेवढी उष्णता प्रत्येक ठोक्याला एका बोल्टवर निघतेय, आणि तो बोल्ट डिकीच्या कार्पेटखाली आहे.

पौडच्या दादांचा ॲम्प का बंद पडत होता, ते आता लक्षात आलं असेल. व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेलं की ॲम्प स्वतःला वाचवायला बंद होतो. तापला तरी बंद होतो. त्याचं काही चुकत नव्हतं.

बोल्ट कुठे आणि कसा

आता प्रत्यक्ष काम. पहिली गोष्ट, बॅटरीची निगेटिव्ह बाजू आधी काढा आणि काम संपल्यावर सगळ्यात शेवटी लावा. पॉझिटिव्ह आधी काढायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर तो पाना तिथेच वेल्ड होईल. अंगठी आणि कडं पण काढून ठेवा.

जागा निवडताना गाडीच्या मूळ सांगाड्याचा जाड पत्रा बघा. डिकीच्या तळाचा पत्रा किंवा मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा वरचा भाग चांगला. बिजागरीवरचं दार नको, डिकीचं झाकण नको, प्लास्टिकला धरून ठेवणारी पातळ पट्टी नको. आणि सीटबेल्टचा बोल्ट तर अजिबात नको. तो आयता मिळतो, दिसायला दणकट असतो, म्हणून सगळे तिथेच अर्थ मारतात. पण त्या बोल्टवर अपघातात तुमचं वजन पेलायची जबाबदारी आहे. ठरावीक ताकदीने आवळलेला असतो, आट्यांवर लॉकिंगचं लेपन असतं. तो उघडायचा नाही, त्याच्याखाली काही घालायचं नाही. सीटच्या बोल्टांनाही हेच लागू.

नवीन भोक पाडणार असाल तर आधी गाडीखाली वाकून बघा. पेट्रोलची टाकी, तिची नळी, ब्रेकची नळी मागच्या बाजूलाच असते. पुण्यात आता निम्म्या ओळखीच्यांकडे सीएनजी आहे, त्यांची डिकी टाकीने भरलेली असते. टाकीच्या ब्रॅकेटला अर्थ जोडायचा नाही आणि तिच्या किंवा तिच्या नळीच्या आसपास ड्रिल चालवायचं नाही. शंका असेल तर त्या गाडीत ॲम्प सीटखाली बसवा आणि अर्थ तिथल्या पत्र्याला द्या. लहान क्लास डी ॲम्प आरामात मावतात.

मग रंग काढायचा. दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी जागा, पॉलिश पेपरने किंवा ग्राइंडरच्या वायर ब्रशने, पांढरा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. वरचा रंग गेला की खाली प्रायमर असतो, तो राखाडी दिसतो आणि पत्रा आल्यासारखा भास होतो. प्रायमरमधूनही करंट जात नाही. अजून घासा.

वायरच्या टोकाला थिंबल लावायचं, तेही क्रिम्पिंगच्या पक्कडने दाबून. हातोडीने ठोकून नाही, साध्या पक्कडीने चिमटून नाही. जाड वायरचं क्रिम्पिंग टूल घरात नसतं. इलेक्ट्रिकल सामानाच्या दुकानात किंवा पॅनेलचं काम करणाऱ्याकडे असतं, तो दोन मिनिटांत दाबून देतो. नुसतं सोल्डर करायच्या भानगडीत मी पडत नाही. सोल्डर वायरच्या केसांमध्ये वर चढतं, तो भाग कडक होतो आणि खडखडाटाने नेमका तिथेच तुटतो. लवासाकडे जाणाऱ्या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्यांना खडखडाट समजावून सांगायची गरज नाही.

थिंबल थेट घासलेल्या पत्र्यावर. मध्ये वॉशर नको, काहीच नको. थिंबलच्या वर दातेरी वॉशर, मग नट. शक्यतो ८ एमएमचा आरपार नट-बोल्ट वापरा. पातळ पत्र्यात थेट फिरवलेला स्क्रू दोन आट्यांवर धरलेला असतो, सहा महिन्यांत ढिला होतो. काळी वायर दीड फुटाच्या आत ठेवा. ॲम्प दोन असतील तर दोन्हीच्या काळ्या वायरी एकाच ठिकाणी आणा.

बोलेरोवाले, स्कॉर्पिओवाले, पिकअपवाले, तुमच्यासाठी एक वेगळी गोष्ट. या गाड्यांची बॉडी खालच्या चेसिसवर रबराच्या गाद्यांवर बसवलेली असते. रबरातून करंट जात नाही. बॉडी, चेसिस आणि इंजिन यांना जोडणारे वेगळे अर्थचे पट्टे असतात, विणलेल्या तारेचे, आणि कंपनीने ते दिवे आणि हॉर्नच्या हिशोबाने दिलेले असतात. शिवाय गाडी दहा वर्षांची असेल तर ते अर्धे गंजलेले असतात. तुम्ही डिकीत कितीही सुंदर अर्थ केला तरी पुढे तो पट्टा अडवतो. अशा गाडीत बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि चेसिसला नवी जाड वायर द्या, इंजिनचा पट्टा बदला. हिंजवडीच्या ताईंची गाडी छोटी हॅचबॅक आहे, पण त्यांच्याकडेही बॅटरी ते बॉडी ही कंपनीची वायर ॲम्पच्या वायरपेक्षा बारीक होती. ती बदलल्यावर लुकलुकणं कमी झालं असं त्यांनी कळवलंय.

पाऊस

आता ताम्हिणीच्या दादांकडे येतो. हा प्रश्न कोथरूडमध्ये राहणाऱ्याला पडणार नाही. पुणे शहरात वर्षभरात सरासरी ७००–७५० मिलिमीटर पाऊस पडतो. ताम्हिणीत जुलै २०२४ मध्ये एका दिवसात ५५० मिलिमीटरच्या वर नोंद झाली. तिथे जून ते सप्टेंबर गाडी कोरडी होतच नाही. ओल्या चपला, ओल्या छत्र्या, डिकीत ओला रेनकोट, कार्पेटखाली कायम दमट.

तुम्ही अर्थसाठी जो रंग खरवडलात, तोच पत्र्याचं गंजापासून रक्षण करत होता. म्हणजे चांगला अर्थ करण्यासाठी आपण स्वतः गंजाला दार उघडून दिलंय. त्यात तांब्याचं थिंबल आणि लोखंडाचा पत्रा, मध्ये पाणी. दोन वेगळे धातू आणि ओल एकत्र आली की छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात लोखंड झिजतं. म्हणून उन्हाळ्यात केलेला जोड जुलैत तांबूस होतो आणि भाद्रपदात कुरकुरतो.

उपाय सोपा आहे, फक्त क्रम पाळायचा. थिंबल कलई केलेलं, म्हणजे पांढरं दिसणारं घ्या. कोरड्या पत्र्यावर घट्ट आवळा. आवळून झाल्यानंतर वरून सगळ्या जोडावर रंगाचा हात मारा, किंवा ग्रीस, किंवा साधं पेट्रोलियम जेली थापा. आवळण्याआधी रंग नाही, आवळल्यावर. भोक आरपार असेल तर गाडीखालून बोल्टच्या टोकाभोवती सिलिकॉन सीलंट भरा, नाहीतर चाकाने उडवलेलं पाणी तिथून आत येईल. आणि थिंबलच्या तोंडाशी हीट श्रिंक चढवा, कारण पाणी वायरच्या केसांमधून वर चढतं आणि आतलं तांबं हिरवं-काळं पडतं. बाहेरून वायर नवी दिसते.

जाता जाता, भात लावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरवर गाणी लावणारे आपल्याकडे भरपूर आहेत. चिखलणी करताना आंबेमोहोराच्या खाचरात गाणी नसतील तर मजा नाही, मान्य. पण तिथे सगळंच उघड्यावर आणि सतत कंप. हे सगळं तिथे दुप्पट काटेकोर करा, आणि स्प्रिंग वॉशर विसरू नका.

लाल वायर आणि फ्यूज

काळी वायर बिघडली तर आवाज बिघडतो, जोड तापतो. लाल वायर बिघडली तर गाडी जळते. यात अतिशयोक्ती नाही.

लाल वायर बॅटरीपासून निघते, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकातून आत येते, पायाजवळच्या पट्टीखालून मागे जाते. या वाटेत कुठेही तिचं आवरण फाटून तांबं पत्र्याला टेकलं, तर बॅटरी शेकडो अँपिअर त्या वायरीत ओतते. वायर लाल होते, आवरण पेटतं, कार्पेट पेटतं. ॲम्पवरचा फ्यूज यात काहीच करू शकत नाही, कारण शॉर्ट त्याच्या अलीकडे झालाय. म्हणून बॅटरीजवळ वेगळा फ्यूज लागतो. बॅटरीच्या टोकापासून वायरच्या दीड फुटाच्या आत, जितका जवळ तितका चांगला. हा फ्यूज ॲम्पसाठी नाही, वायरसाठी आहे. एवढं कळलं की आकडा आपोआप ठरतो: वायरला झेपेल त्यापेक्षा मोठा नको. आपल्या ४५ अँपिअरच्या उदाहरणात १६ स्क्वेअर एमएमच्या वायरला ६० चा फ्यूज योग्य.

फ्यूज उडाला तर का उडाला ते शोधा. त्याच्यावर तार गुंडाळू नका, ६० च्या जागी १५० चा बसवू नका. घरच्या जुन्या कटआउटवर तार बांधायची सवय आपल्या हातांना आहे, ती इथे विसरायची. काळ्या वायरीत फ्यूज घालायचा नाही, तो फक्त लालमध्ये.

पत्र्याच्या भोकात रबराचा ग्रोमेट हवाच. कंपनीच्या वायरी जिथून आत येतात, त्याच ग्रोमेटमधून बहुतेक गाड्यांत जागा निघते. क्लच केबल, स्टिअरिंगचा दांडा, पेडल यांच्यापासून वायर लांब बांधा.

वायर विकत घेताना एक तपासणी करा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर भरपूर मिळते, तिला सीसीए म्हणतात. स्वस्त आणि हलकी असते. तेवढ्याच जाडीत ती तांब्याच्या साधारण ६० ते ६५ टक्केच करंट वाहते. एक केस बाजूला काढून ब्लेडने खरवडा. बाहेर तांबूस आणि आत पांढरं निघालं तर सीसीए. उलट, बाहेर पांढरं आणि आत तांबूस असेल तर ते कलई केलेलं तांबं, म्हणजे उत्तम. कार ऑडिओच्या किटमधल्या जाड आवरणाला भुलू नका, आत तार किती ते बघा. मी स्वतः तपकीर गल्लीत जाऊन स्क्वेअर एमएमच्या हिशोबाने मीटरवर वायर घेणं पसंत करतो.

शिट्टी

पिरंगुटच्या मित्राची शिट्टी राहिली. रेसबरोबर तिचा सूर चढतो-उतरतो, म्हणजे ती अल्टरनेटरची आहे. अल्टरनेटर एसी करंट तयार करतो आणि आतले डायोड त्याचा डीसी करतात, पण तो अगदी सपाट होत नाही, थोडी लहर उरते. इंजिन जोरात फिरलं की लहर जलद होते, म्हणून सूर चढतो.

ही लहर ऐकू का येते? डेकचा अर्थ डॅशबोर्डमागे एका ठिकाणी आहे, ॲम्पचा डिकीत. ॲम्पचा अर्थ कच्चा असेल तर या दोन जागांच्या व्होल्टेजमध्ये फरक पडतो. या दोघांना जोडणारी आणखी एक वाट असते, आरसीए केबलची बाहेरची जाळी. परतीच्या करंटला मुख्य रस्ता अवघड वाटला की त्यातला थोडा या आडवाटेने निघतो. आरसीएमधला गाण्याचा सिग्नलच एक-दोन व्होल्टचा, त्यात काही मिलिव्होल्ट मिसळले तरी कानाला कळतात. हे तुम्ही घरबसल्या अनुभवलेलं आहे: फोन ऑक्सला लावून कारच्या चार्जरवर टाकला की चिर्र आवाज, चार्जर काढला की गायब. तीच गोष्ट.

शोधायचं कसं? इंजिन चालू ठेवून ॲम्पमधून आरसीए काढा. शिट्टी तरीही येत असेल तर दोष ॲम्पच्या पॉवर, अर्थ किंवा स्पीकरच्या वायरीत. थांबली असेल तर आरसीएच्या जागी चार्जरला न लावलेला फोन जोडून बघा. फोनवर स्वच्छ वाजलं, तर डेकचा अर्थ किंवा आरसीएची वाट बघायची. आरसीए गाडीच्या एका बाजूने आणि लाल वायर दुसऱ्या बाजूने न्यायची, हा साधा नियम बरेचदा पुरतो. दुकानात लगेच ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची डबी हातात देतात. ती शिट्टी दाबते, पण स्वस्तातली असेल तर खालचा बेसही खाते, आणि कच्चा अर्थ कच्चाच राहतो.

मीटरने खात्री

अर्थ चांगला झाला का, हे बघायला बहुतेक जण मल्टिमीटर ओहमवर ठेवून तपासतात. त्याने काही कळत नाही. साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रेझिस्टन्स ०.२–०.३ ओहम असतो. आपण शोधतोय ०.०५. काट्याच्या वजनापेक्षा हलकी वस्तू त्याच काट्यावर मोजण्यासारखं आहे.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक ॲम्पच्या अर्थच्या स्क्रूवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर. वायर पुरणार नाही, जादा वायर जोडून घ्या. इंजिन चालू, सबवूफर जोडलेला, आणि ५० हर्ट्झचा सलग टोन नेहमीच्या मोठ्या आवाजात काही सेकंद. आकडा ०.१ च्या आसपास असेल तर उत्तम, ०.२ पर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर कुठेतरी जोड कच्चा आहे. मग एक टोक बोल्टवर, मग शेजारच्या पत्र्यावर, असं सरकवत जा. जिथे आकडा एकदम पडेल तिथे दोष. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ॲम्प बदलण्यापेक्षा खूप स्वस्त.

उरलेले प्रश्न

मुळशीतूनच एकाने विचारलंय, एक फॅरडचा कपॅसिटर लावू का, दुकानदार म्हणतो लाइट लुकलुकायचं थांबेल. हिशोब करू. ४५ अँपिअर एकट्या कपॅसिटरमधून घेतले तर त्याचं व्होल्टेज एक व्होल्ट खाली यायला लागतात २२ मिलिसेकंद. बेसचा एक ठोका त्याहून लांब असतो. ते पैसे जाड वायरीत घाला.

दुसरा, नव्या गाडीचा. ज्या गाड्यांत सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होतं, त्यांच्या बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर करंट मोजणारा छोटा सेन्सर असतो. ॲम्पची काळी वायर थेट बॅटरीच्या टोकाला लावली तर तो करंट सेन्सरला दिसत नाही आणि गाडीचा बॅटरीचा अंदाज चुकतो. अशा गाडीत अर्थ बॉडीलाच द्या. इलेक्ट्रिक गाडीत अल्टरनेटर नसतो, मोठ्या बॅटरीतून एक कन्व्हर्टर १२ व्होल्टची बॅटरी भरतो आणि त्याची क्षमता ठरलेली असते. तिथे मोठा ॲम्प लावण्याआधी विचारून घ्या, आणि केशरी रंगाच्या केबलला कधीही हात लावू नका. वॉरंटीचे कागद दोन्ही प्रकारांत आधी वाचा.

रिमोटची बारीक वायर कुठे जोडायची, असं तिसऱ्याने विचारलंय. डेकच्या मागे सहसा निळी-पांढरी वायर असते, तिथे. कायम चालू असलेल्या १२ व्होल्टला जोडलीत तर गाडी बंद असतानाही ॲम्प जागा राहतो, आणि दोन दिवसांनी घाटात, रेंज नसलेल्या जागी, स्टार्टर नुसता टकटक करतो.

आणि चौथा प्रश्न, पावसाळ्यानंतर काय बघायचं. दसऱ्याला गाडी धुऊन हार घालतोच, त्याच दिवशी डिकीचं कार्पेट उचला. बोल्टला हात लावून बघा, नट पान्याने पाव फेरा फिरतो का बघा, तांबूस डाग दिसला तर उघडून घासा आणि पुन्हा जेली लावा. फ्यूजच्या डबीत पाणी साचलंय का तेही बघा.

पुढच्या भागात ॲम्पवरचं गेनचं बटण. तो आवाजाचा व्हॉल्यूम नाही, यावरच अर्धा तास जाणार आहे.